ताटाएवढी फुलं

४ मार्च, सोमवार
काउंटरवरचा माणूस नोकरी सोडून गेला. मालक म्हणाले, त्याच्या जागी पुढे कोणाला घ्यायचं ते शनिवारी ठरवतो. उमेदवार दोनच. मी आणि शोरूममध्ये गिऱ्हाइकांना कापड दाखवणारा गोडबोल्या. मी दुकानाच्या मागच्या खोलीत पडद्यांना रिंगा बसवतो. म्हणजे शब्दशः पडद्यामागे.
विचार केला. गोडबोल्या दिसतो, मी दिसत नाही. दोष माझ्या कपड्यांच्या नियमांचा. शर्ट राखाडी, खोचलेलाच. मोजे पँटच्या रंगाचे. नक्षी वर्ज्य.
संकल्प : नियम मोडायचे. मजा म्हणून कपडे घालायचे. मजेचा आराखडा उद्या करतो.

५ मार्च, मंगळवार
लाल मोजे घातले. पँट लांब असल्याने कोणालाच दिसले नाहीत. पण मला माहीत होतं. दिवसभर छाती धडधडत होती.

६ मार्च, बुधवार
उरलेल्या तुकड्यांत हिरव्यावर केशरी फुलांचं कापड सापडलं. एकेक फूल ताटाएवढं. शिलाईच्या मास्तरांना म्हटलं, शर्ट शिवा. ते म्हणाले, बाळा, हे पडद्याचं कापड आहे. म्हटलं, कापडाला ते कुठे माहीत आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, बटणं लावू की रिंगा. विनोदी माणूस. (पहिली वेलांटी ऱ्हस्व, दुसरी दीर्घ. शुद्धलेखनात मी कायम पहिला. बाकी विषयांबद्दल इथे लिहायची गरज नाही.)

८ मार्च, शुक्रवार, संध्याकाळ
शर्ट आला. हात पूर्ण खाली जात नाहीत, त्यामुळे रुबाब वाटतो. ताई म्हणाली, रॉड कुठे विसरलास? आई म्हणाली, राहू दे गं, ऊन तरी लागणार नाही त्याला.
घरच्यांना आवडला.

९ मार्च, शनिवार
शर्ट न खोचता गेलो. (न खोचता.) शोरूमच्या मध्यभागी, सगळ्यात मोठ्या पडद्यासमोर उभा राहिलो. तोही त्याच कापडाचा, म्हणजे रंगसंगती आपोआप साधली. मालक आले, माझ्याकडे तोंड करून गोडबोल्याला म्हणाले, तो रिंगवाला आज आला नाही वाटतं. मी म्हटलं, आलोय. मालक दचकून स्टुलावरच बसले. छाप पडली.
दुपारी एक बाई आल्या. माझी बाही चुरगाळून पाहिली आणि गोडबोल्याला विचारलं, धुतल्यावर आटतं का हो? मी म्हटलं, अजून धुतलं नाही, मॅडम. त्यांच्या हातातली पर्स पडली. पण सावरल्यावर सगळ्या घरासाठी तेच कापड घेतलं. मालकांनी मला पुढून-मागून न्याहाळलं आणि म्हणाले, सोमवारपासून तू पुढे. हाच शर्ट घालून ये.
जिंकलो. गोडबोल्याचं वाईट वाटतं.

११ मार्च, सोमवार
पुढे आलो. काउंटरवर गोडबोल्या आहे. मी दाराजवळ, खिडकीच्या काचेपाशी. कामाचं स्वरूप : उभं राहणं. मालक म्हणाले, फार हलू नकोस, चुण्या पडतात. येणारा प्रत्येक जण मला हात लावून जातो. एवढी आपुलकी मागच्या खोलीत नव्हती.
घरी आल्यावर ताईने माझ्या पाठीवर टाचलेला कागद काढून दाखवला. त्यावर गोडबोल्याच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘नविन डिझाईन. हात लावून बघा.’
‘नवीन’मधला वी दीर्घ असतो. दिवसभर हे घेऊन उभा होतो, सगळ्या गावासमोर. उद्या स्वतः नीट लिहून मगच टाचून घेणार.