पिशवीतली की फुप्फुसातली

१२ जाने. ८६, सौंसर
टाके काढून आठ दिवस झाले. आज स्वतः वेणी घातली. डावा हात वर जातो आता. टी.बी.च्या गोळ्या उगाच खाल्ल्या वर्षभर. फुप्फुसाचा खालचा भाग गाठीसकट काढला तेव्हा कळलं, टी.बी. नव्हताच. मग काय आहे, ते नागपूरचे डॉ. अजून सांगून नाही राहिले. माझ्या वर्गातल्या पोरी संत्री घेऊन आल्या. घर भरल्यासारखं वाटलं.

२० जाने.
सकाळच्या बसने नागपूर. हे सोबत. कॅन्सरच आहे. पण फुप्फुसाचा नेहमीचा नाही, मांसाच्या जातीचा. सार्कोमा म्हणतात. हा बहुतेक मांडीत, पोटात नाहीतर गर्भाशयात होतो आणि तिथून फुप्फुसात जातो. तसं असलं तर पसरला समजायचं. फुप्फुसातच उपजला असेल तर गाठीबरोबर गेला असं धरता येईल. पण तसं फार क्वचित.
लेडी डॉक्टरनी मांड्या, दंड, पाठ चाचपली. गुदगुल्या झाल्या, दोघी हसलो. मग त्यांनी विचारलं, गर्भाच्या पिशवीचं ऑपरेशन झालं का? झालं, सात वर्षांमागे, छिंदवाड्याला, गाठ होती म्हणून. त्यांनी लगेच डॉ.ना बोलावलं.

२१ जाने.
ह्यांनी ट्रंक उपसून जुना कागद काढला. 'साधी गाठ' लिहिलं आहे. पण डॉ.ना कागद नको, त्या गाठीचा तुकडा लावलेली तेव्हाची काचच दुर्बिणीखाली पाहायची आहे. सात वर्षांची काच कोण ठेवतं...

२६ जाने.
झेंड्याला शाळेत गेले. गाणं अर्धंच म्हणता आलं. ऊन छान होतं.

२८ जाने.
हे तहसिलीत रजा टाकून छिंदवाड्याला गेले. संध्याकाळी परतले, खिशात रुमालात गुंडाळलेली काच. तिथल्या म्हाताऱ्या लॅबवाल्याने सगळ्या काचा लाकडी पेटीत नंबरवार ठेवल्या आहेत. हे जेवतानाही खिसा चाचपून राहिले होते.

३ फेब्रु.
काच नागपूरला पोचती केली. पांढुर्ण्याहून आई आली. तिला टी.बी.च सांगितलं आहे. भरीत-भाकर केली तिने. दोन भाकरी खाल्ल्या मी.

१० फेब्रु.
डॉ. म्हणाले, "बाई, जुनी गाठ खरोखर साधी होती. ही फुप्फुसातच उपजली. मी तरी अशी पहिल्यांदा पाहून राहिलो."
विद्यार्थ्यांना दाखवू का, विचारलं. म्हटलं, दाखवा, मीही मास्तरीणच आहे.
बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, "म्हणजे चांगलंच ना वं हे?"
"चांगलंच."
पुन्हा येणार नाही असं मात्र डॉ. बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. हे बसमध्ये सौंसरपर्यंत झोपले. कितीतरी दिवसांनी.

२४ फेब्रु.
शाळेत रुजू. चौथी तशीच गोंगाटी. धडा वाचताना दम लागला, पुढचं पोरींनी वाचलं.
मोठ्या बाईंनी विचारलं, जूनपासून पाचवी घेता का?
छातीचा फोटो मे महिन्यात काढायचा आहे.
हो म्हटलं.