गच्ची लेकीला, वीजजोड लेकाला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा गच्चीवर सोलर पॅनेल बसवणे आणि दुसऱ्यांनी बसवलेली दुरुस्त करणे, साऱ्या गल्लीत 'काचवाली' म्हणून ओळखली जाणारी, आज स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने माझ्या मागच्या व्यवस्थेबद्दल लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचेही दडपण नाही. दडपण असलेच तर ते माझेच इतरांवर असते, असे माझी मुलगी म्हणते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला उलटे आकडे म्हणायला लावले, मी म्हटले. मग मी त्यांना विचारले, दवाखान्याच्या गच्चीवरचे पॅनेल शेवटचे कधी पुसले? ते खिडकीबाहेर पाहू लागले. दाखला मात्र लगेच मिळाला.

मला अपत्ये दोन. थोरला मुलगा वीज कंपनीच्या कार्यालयात अधिकारी आहे. त्याला आम्ही घरी 'साहेब' म्हणतो. पूर्वी कौतुकाने म्हणायचो. धाकटी मुलगी माझ्याबरोबर दुकान चालवते. यजमान हयात नाहीत. याखेरीज माझा कुणी वारस नाही आणि ऐनवेळी कुणी उगवल्यास त्याची डाळ शिजू देऊ नये.

कलम पहिले, हत्यारे. यजमान पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देत. आमच्या भागातली वीज कधी यायची, कधी जायची आणि आली तरी अशी लंगडत यायची की मोटारी पटापट जळायच्या. वीज वाईट म्हणून आमचे बरे चालले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. ते गेल्यावर दुकान माझ्या गळ्यात पडले. वीज नसली की तारांचे सांधे डाग देऊन जोडण्याचे काम अडायचे, म्हणून मी एक पॅनेल आणून गच्चीवर टाकले. लोक बघायला आले, काच काच म्हणत हसले आणि मला नाव पडले. ते सगळे पुढे माझे गिऱ्हाईक झाले, याचा मला अजून आनंद होतो. तेव्हा मीटर, पान्हे, दोर, कटर आणि यजमानांचे गुंडाळी यंत्र मुलीला द्यावे. शेजारच्या वेल्डरने 'आत्ता आणून देतो' म्हणून नेलेले ड्रिल मशीनही तिचेच आहे. त्याने ते परत करावे, नाहीतर माझ्या अंत्ययात्रेत खांदा द्यायला पुढे पुढे करू नये.

कलम दुसरे, बँकेतली ठेव. ती सगळी नव्या बॅटऱ्यांसाठी आहे. माझा फोटो मोठा करून घेणे, चौकट करणे, हार घालणे यांत त्यातले काहीही जाऊ नये.

कलम तिसरे, कालव्यापलीकडची वसाहत. सरकारी योजनेत तिथल्या घराघरांवर पॅनेल लागली. अनुदान मिळवण्याची अट अशी होती की घरमालक आणि पॅनेल दोन्ही रस्त्यावरून काढलेल्या एकाच फोटोत स्पष्ट दिसले पाहिजेत. ठेकेदाराने मग सगळ्यांची पॅनेले रस्त्याकडे तोंड करून बसवली. फोटो झकास आले. ऊन मात्र पॅनेलांच्या पाठीवर पडत राहिले. हळूहळू बोभाटा झाला की सोलर म्हणजे निव्वळ थाप. एका मास्तरीणबाईंनी तर पॅनेलवर धुणे वाळत घालायला सुरुवात केली. मी साहेबाला गाठले, कारण त्या फायली त्याच्याच कार्यालयातून पास झाल्या होत्या.

"आई, नियमात फोटो आहे," तो म्हणाला. "दिशा नाही."

"तुला दिशा कळत नाही?"

"कळते. पण सही फोटोवर होते."

त्याला कळत होते, याचेच मला जास्त लागले. मी आणि मुलगी त्या वसाहतीत एकेका गच्चीवर चढून पॅनेले फिरवू लागलो. मास्तरीणबाईंचे धुणेही आम्हीच घडी घालून दिले. काही घरांनी अजून आम्हाला पायरी चढू दिलेली नाही, एकदा तोंड पोळले की माणसे अशीच वागतात. या देशात ऊन फुकट आहे, गच्च्या मोकळ्या आहेत, पॅनेल दरवर्षी स्वस्त होते आहे. तरी धंदा अडतो, कारण बँक मोटारसायकलला कर्ज देते आणि पॅनेलला देताना नाक मुरडते, बाजारात नकली बॅटऱ्यांचा सुळसुळाट आहे आणि बसवून पळून जाणाऱ्याला कुणी विचारत नाही. आम्ही पळून जाणारे नाही. उरलेली घरे मुलीने पूर्ण करावीत. हे काम मी तिला वारशात देते. कटकटीचे आहे, पण नाव यातूनच राहते.

कलम चौथे, घर. शेजारचा बिल्डर आमचे घर घेऊन तिथे उंच इमारत बांधू पाहतो आणि साहेब त्याच्या बाजूचा आहे. मी डोळे मिटले की घर विकले जाईल, पॅनेले भंगारात जातील आणि दुकानाला टाळे लागेल, हे मला लख्ख दिसते. हे मृत्युपत्र मी एवढ्यासाठीच लिहिते आहे. भारनियमन सुरू झाले की समोरच्या शिंप्याचे यंत्र आणि कोपऱ्यावरच्या औषधवालीचा इंजेक्शनांचा फ्रीज माझ्या गच्चीवरच्या विजेवर चालतो. साहेबाला ते पटत नाही. तो म्हणतो, "अख्खी गल्ली एका म्हातारीच्या गच्चीला कशाला टांगून ठेवतेस?" म्हातारी जाईल, गच्ची कुठे जाते?

म्हणून वाटणी अशी. खालचे दुकान जमिनीसह मुलीला. सगळ्यात वरची गच्ची, तिच्यावरची पॅनेले आणि तिथे पडणारे सगळे ऊन मुलीला. मधला मजला साहेबाला, विकायला तो पूर्ण मोकळा आहे. खाली जमीन नाही आणि वर आभाळ नाही असा मजला घेणारे गिऱ्हाईक त्याला लवकर मिळो.

वकील म्हणाले, "आजी, असली वाटणी कोर्टात अडकेल."

मी म्हटले, "अडकू दे की. अडकलेलं घर विकता येत नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढे लिहायला सांगितले.

आता साहेबाच्या बाजूचेही लिहिते, नाहीतर म्हणाल म्हातारी एकतर्फी बोलते. तो म्हणतो, बिल भरणारी सगळी मोठी गिऱ्हाइके गच्चीवर गेली तर तारा आणि खांब कोण सांभाळणार? ज्यांना गच्चीच नाही त्यांना स्वस्त वीज कुठून देणार? हा प्रश्न खरा आहे आणि मला त्याचे पुरते उत्तर येत नाही. पण मी त्याला सांगितले आहे, तारेचे भाडे उघडपणे मागा, देते. सोलरचे अर्ज दाबून ठेवून कंपनी तगत नाही, फक्त माणसे चिडतात.

कलम पाचवे, वीजजोड आणि अर्ज. दुकानाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, उन्हाला नसते. त्या दिवशी होणारी वीज कंपनीच्या तारेत सोडायची आणि आमच्या बिलातून वळती करून घ्यायची, यासाठी वेगळा मीटर लागतो. त्याचा माझा अर्ज साहेबाच्याच टेबलावर धूळ खात आहे.

"सख्ख्या आईचा अर्ज आधी काढला तर लोक काय म्हणतील?" असे तो म्हणाला.

"बरं, मग लोकांचे आधी काढ. माझा सगळ्यात शेवटी काढ."

त्याने लोकांचेही काढलेले नाहीत.

कंपनीच्या नियमाप्रमाणे अर्जदार वारला की अर्ज रद्द होतो आणि जोड ज्याच्या नावावर येईल त्याने जातीने हजर राहून नवा अर्ज करायचा असतो. तेव्हा या घराचा वीजजोड मी माझ्या थोरल्या मुलाच्या नावे करते. त्याने रजा टाकावी, खिडकीपुढे रांगेत उभे राहावे, 'जेवणाची सुट्टी झाली, नंतर या' हे ऐकावे आणि मग आत जाऊन स्वतःच्या टेबलावर स्वतःचा अर्ज उघडावा. मी त्याच्यावर सूड घेत नाही. तो वाईट मुलगा नाही. तो याच गावात राहतो आणि तरी मला त्याची आठवण येते, हे मी त्याला तोंडावर कधी सांगू शकले नाही, म्हणून इथे लिहिते.

या कलमाचा कच्चा मजकूर मी त्याला काल वाचून दाखवला. मेल्यानंतर माणसाला धक्के देणे मला आवडत नाही. तो कामाच्या बाकावर बसला. मग म्हणाला, "आणि जोड माझ्या नावावर आल्यावर मी तो कापूनच टाकला तर? मग काय करणार तुम्ही मायलेकी?"

त्याचे उत्तर आज देते. हे शेवटचे कलम समजावे.

साहेबाने जोड कापायचे ठरवले तर मुलीने भांडू नये. लाइनमन आला की त्याला आधी पाणी द्यावे, मग त्याची शिडी घट्ट धरावी, कारण आमच्यासमोरचा खांब गंजला आहे आणि तो पोरगा कुणाच्या तरी घरचा आहे. साहेबाने स्वतः खाली उभे राहून पाहावे. तार कापली जात असताना दुकानातला दिवा, शिंप्याचे यंत्र, औषधवालीचा फ्रीज, यांतले काहीही कुणी बंद करू नये. सगळे चालू राहू द्यावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही.

सही: काचवाली (सरकारी कागदांवरच्या नावाची सही बाजूला केली आहे)

साक्षीदार, आमच्या देखत सही झाली:
१. शिंपी, समोरचे दुकान
२. औषधवाली, कोपऱ्यावरचे दुकान

स्थळ: दुकानातला कामाचा बाक
दिनांक: नऊ एप्रिल, भर दुपारी, भारनियमन चालू असताना