सतरावी ओळ

दि. ९ नोव्हेंबर, रविवार सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. वाकून केला असं समज. गुडघा दुखतोय, म्हणून खुर्चीतूनच. तू बरा असशील. आई ठणठणीत आहे हे मला माहीत आहे, कारण दर बुधवारी फोनवर ती मलाच दम देते. मी तुझं नाव काढत नाही, तरी ती तुझ्याबद्दल सगळं सांगून मोकळी होते.

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकला असशील. दोन वर्षांनी पत्र, तेही कागदावर, आणि तेही ईमेल सांभाळणाऱ्या बाईचं! कारण सांगते. आधी कामाचं सांगते, म्हणजे हात जरा मोकळा होईल.

आमच्या इस्पितळाचा मेल सर्व्हर बारा वर्षं एकाच म्हाताऱ्या मशीनवर चालत होता. तो बंद पडला की डॉक्टरांपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळे माझ्या नावाने बोटं मोडायचे. म्हणून आता जोडी केली आहे. दोन दणकट कॉम्प्युटर, आणि प्रत्येकाच्या पोटात एकेक आभासी मशीन, म्हणजे नुसता सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर. एक काम करतं, दुसरं तयारीत बसतं. पहिलं पडलं की दुसरं त्याची खुर्ची धरतं. तू इलेक्ट्रिशियन माणूस, लगेच विचारशील, "जे दिसतच नाही त्याला वायर कुठे जोडतेस?" तीच तर गंमत आहे. नेटवर्क कार्ड आभासी, तारा जिथे एकत्र येतात तो स्विच आभासी, डोकेदुखी तेवढी खरी.

प्रत्येक मशीनला दोन कार्डं. एक बाहेरच्या जगासाठी, मेल येण्याजाण्यासाठी. दुसरं फक्त एकमेकांसाठी. त्या खासगी वाटेवरून दोघं दर सेकंदाला एकमेकांना कळवत राहतात, "मी आहे." बास, एवढंच. आता माझा पराक्रम ऐक. दुसऱ्या मशीनचं खासगी कार्ड जोडताना मी स्विचच्या यादीत चुकून एक ओळ वरचं नाव निवडलं आणि ते बाहेरच्या स्विचला लावून बसले. निरोप पोचेना. दुसरं मेलंय अशी दोघांचीही खात्री पटली, आणि दोघंही एकदम मालक झाले! निम्मे मेल इकडे, निम्मे तिकडे. डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला, "बाई, 'मघाच्या मेलमध्ये म्हटल्याप्रमाणे' असं आलंय. मघाचा मेल कुठाय?" नशीब, दोन-चार डॉक्टरांना घेऊन चाचणीच चालू होती.

तीन तास मी भलतीकडे शोधत होते. शेवटी शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "दोघं एकमेकांशी बोलतायत का, ते बघितलंत?" आम्ही त्याला मास्तर म्हणतो, कारण त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. कार्ड बदललं आणि दोन मिनिटांत सगळं सुरळीत झालं. मास्तरने चहा पाजला, वर टोमणाही मारला.

इथपर्यंत हसायचं होतं. आता पुढचं.

नवी जोडी चालू व्हायच्या आधी जुन्या सर्व्हरवरची अडवणुकीची यादी नव्यावर आणायची होती. ज्यांचे मेल आत घ्यायचे नाहीत, त्यांची यादी. मास्तरचा नियम असा की कारण लिहिल्याशिवाय एकही ओळ पुढे न्यायची नाही. तो वाचत होता, मी कारणं सांगत होते. फसव्या लॉटऱ्या, खोट्या बँका, वजन कमी करणारे. सतराव्या ओळीवर तो थांबला. "हे कोण? कारणच लिहिलेलं नाही."

तो तुझा पत्ता होता.

दादा, आईचं ऑपरेशन झालं आणि मला आठ दिवसांनी कळवलंस. माझी बढतीची परीक्षा बुडू नये म्हणून, असं म्हणालास. त्या दिवशी मी फोनवर तुझा नंबर अडवला, ते तुला माहीत आहे. पण ऑफिसात येऊन ही ओळही मीच लिहिली, ते तुला माहीत नाही. पाठवणाऱ्याला त्यात काही कळत नाही, मेल गेला असंच वाटतं. दोन-चार दिवसांनी काढू म्हटलं आणि साफ विसरले. मग दोन वर्षं मनात तुलाच बोल लावत राहिले, की बघा, एक ओळ लिहवली नाही याला.

तू एकोणीस पत्रं लिहिलीस.

अडवलेले मेल तीस दिवस राहतात, मग आपोआप पुसले जातात. नोंद तेवढी उरते, तारीख, वेळ आणि आकार. पहिलं चांगलं चार पानं भरेल एवढं होतं. पुढची लहान होत गेली. माझ्या दोन्ही वाढदिवसांना एकेक आहे. शेवटचं सप्टेंबरातलं, जेमतेम दोन ओळींचं असावं. ती यादी मी मास्तरसमोर रडत वाचली आणि त्या बिचाऱ्याने पहिल्यांदाच कशाचंही कारण विचारलं नाही.

ओळ पुसली. फोनवरचीही अडवणूक काढली. हे पत्र कागदावर आहे, कारण माझ्या मशीनमधून तुला काही पाठवायचा धीर होईना.

त्या आठ दिवसांचा राग अजून थोडा आहे, खोटं कशाला बोलू. त्यावर आपण समोरासमोर भांडू, मला ते चांगलं जमतं. पण त्या एकोणीस पत्रांत काय होतं, ते मला सांग. जमेल तसं, आठवेल तेवढं. शिव्या असतील तर त्याही गाळू नकोस. येत्या रविवारी सकाळी मी फोन करणार आहे, आणि या वेळी आईला नाही, तुला.

चुकलं माझं. हे वाक्य जन्मात पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा आईला दाखव. तिचा विश्वास बसणार नाही.

तुझीच,
भांडकुदळ