मिशीचा होकार

दि. ३ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

केशकर्तनाचं दुकान उघडताना तू सल्ल्यांचं गाठोडं सोडत होतीस, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो की माझं मी अनुभवातून शिकेन. तर अनुभव आला. खुर्चीत येऊन बसला.

मला जिच्याशी लग्न करायचंय तिचे वडील बँकेच्या दारावर पहारेकरी आहेत, हे तुला ठाऊक आहे. बंदूक नुसती खांद्याला असते, धाक सगळा मिशीचा. येत्या रविवारी ते आमच्या लग्नाबद्दल हो-नाही सांगणार होते. त्याआधी माझा हात बघावा म्हणून काल दुकानात आले. दाढी झाल्यावर मी अदबीने विचारलं, मिशी थोडी कमी करू का. त्यांनी मान हलवली. केली. आणखी करू का म्हटलं, पुन्हा हलवली. मी विचारत गेलो, ते हलवत गेले. मिशी संपली आणि ते घोरायला लागले, तेव्हा कळलं की गृहस्थ होकार देत नव्हते, पेंगत होते.

जागे झाल्यावर त्यांनी आरशात पाहिलं आणि तडक निघून गेले. मुलगी सांगते, घरात तोंडावर रुमाल धरून बसलेत, लग्नाचं नाव काढू देत नाहीत. आता तू सांगशील ते करतो.

कृपा असू दे, निदान राग उत्तर लिहून होईपर्यंत आवर.

तुझा भाचा


दि. ८ जून

चि. भाच्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून मला इकडे माझ्या दुकानात हातातली कात्री खाली ठेवावी लागली. गिऱ्हाइकाचे डोळे मिटले की आपला हात थांबवायचा, हे त्या गाठोड्यात होतंच. असो, जखमेवर मीठ चोळत नाही. चोळून झालं.

आता ऐक. माफी मागायला धावू नकोस आणि भेटवस्तू घेऊन तर मुळीच जाऊ नकोस. मिशी गेल्याचं दुःख माणूस गिळतो, लोक हसल्याचं गिळत नाही. तेव्हा ते बाहेर काय सांगतात ते बघ आणि निमूटपणे त्यांचीच री ओढ. मुलगी गुणी आहे. ती हातची गेली तर मला फार वाईट वाटेल, आणि मग तुझ्या डोक्यावरून वस्तरा मी फिरवीन, न विचारता.

जेवत जा वेळेवर. माया आहेच, अक्कल आली की आणखी करीन.

तुझी आत्या


दि. २२ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तोंडाला कुलूप लावलं. बँकेत लोकांनी विचारल्यावर मुलीच्या वडिलांनी छाती काढून सांगितलं की मिशी आपण मुद्दाम उतरवली, इतका चांगला कारागीर मिळाला म्हणून. मी री ओढली. दुसऱ्या दिवशी कॅशियर आला, मग खुद्द मॅनेजर. आता त्या बँकेत मिशी औषधालाही सापडायची नाही.

दुकान भरलं, पण खरं सांगतो, मला घास गोड लागत नव्हता. मुलगीच मिळणार नसेल तर या गर्दीचं मी काय करणार होतो?

काल त्यांनी घरी बोलावलं. दार लावून हळूच विचारलं, खरी हकीकत कुणाकुणाला सांगितलीस. मी शपथेवर म्हणालो, कुणालाच नाही. त्यांनी बराच वेळ ओठावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये, म्हणून तुलाच घरात घेतो.

आत्या, पुढच्या महिन्यात लग्न. माझं ते पहिलं पत्र तू कुणाला दाखवलं नाहीस ना?

लोभ ठेव आणि उत्तर लवकर धाड, जीव टांगणीला आहे.

तुझा भाचा


दि. २७ जून

चि. भाच्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून डोळे भरून आले. तुझं चांगलं होतंय, आणखी काय हवं मला!

पत्र मी दाखवलं नाही कुणाला. फक्त तुझ्या काकांना वाचून दाखवलं. त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून जरा मोठ्याने वाचावं लागलं, आणि दुकानात तेव्हा गर्दी होती. पण काळजी करू नकोस. तुझ्या सासऱ्यांचा न्याय मला पटला. त्या सगळ्यांना मी लग्नाचं आमंत्रण दिलंय, आता ते घरातलेच. फक्त सासऱ्यांच्या कानावर घाल, आमच्याकडची माणसं जरा जास्त येतील.

लोभ आहेच. तुझाही लग्न लागेपर्यंत टिकव.

तुझी आत्या