राखाडी कोटाचा डावा खांदा

३ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटी बोलली एकदाची. चहाचा कप पुढ्यात ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "बाबा, मला एकाशी लग्न करायचंय." एकाशी म्हणे! चष्म्याच्या दुकानात ही गिऱ्हाइकांचे डोळे तपासते, तो मागच्या खोलीत बसून भिंगं घासतो. भाषा वेगळी, देव वेगळा. त्यांच्या घरी जेवताना कुणी बोलत नाही. आमच्याकडे जेवणापेक्षा बोलणंच जास्त. कसं जमायचं?

मी म्हटलं, नाही. तिला बहुधा ठाऊकच होतं. म्हणाली, "पळून जाणार नाही मी. दोन्ही घरं हो म्हणाली तरच करीन. नाहीतर त्याच्याशी नाही आणि दुसऱ्या कुणाशीही नाही." म्हणजे किल्ली माझ्या हातात. ठीक आहे. पण ते शेवटचं वाक्य दिवसभर दुकानात शिलाई मशीनवर बसलो तरी डोक्यातून जाईना. पोरगी माझ्यासारखीच हट्टी आहे. जन्मभर बसेल तशीच.

आणि एक गोष्ट खटकली. आमची ही शेजारीच भाजी निवडत होती. मान वर केली नाही. रडली नाही, चिडली नाही. बातमी हिला नवी नव्हतीच!

५ फेब्रुवारी, गुरुवार

मी खोलीत शिरलो की मायलेकींना एकदम कामं आठवतात. कुठंतरी पाणी मुरतंय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कापडवाल्याने पुन्हा पुतण्याचा विषय काढला. मुलगा बरा आहे. आपल्यातला आहे. बोलतो जरा कमी, पण काका सगळं बोलूनच टाकतो, त्याला वाव कुठाय? घरी सांगितलं तर लेक हसली आणि ही म्हणाली, "बघू." हिचं 'बघू' मी चांगलं ओळखतो. लग्न झाल्यापासून हिने 'नाही' हा शब्द कधी वापरला नाही, त्याची गरजच पडली नाही.

त्या जगावेगळ्याला (मी त्याचं हेच नाव ठेवलंय) अजून पाहिलेला नाही. बघायचाही नाही. एकदा बघितला की लोक म्हणतात, आता बोला. आणि बोललं की संपलंच.

९ फेब्रुवारी, सोमवार

निघताना ही म्हणाली, "आज दाढी करून जा." का बरं? दुकानात काय माझा सत्कार आहे? तसाच गेलो.

दुपारी एक बाई आली. माझ्याच वयाची, ताठ, केस घट्ट बांधलेले. पिशवीतून राखाडी कोट काढला. "याचा डावा खांदा खाली पडतो. पॅड भरून तो दिसणार नाही असं करून द्या." बोलणं इतकं शुद्ध की बातम्या ऐकतोय असं वाटलं. म्हटलं, माणूस आणा, अंगावर बघतो. तर म्हणे, माणूस मोकळा नाही. कोट शिवायचा आणि माणूस दाखवायचा नाही!

समोरच्या टेलरने पाठवली असणार. गेल्या वर्षी माझा कारागीर फोडला, आता माझं काम चोरणार. बाईची नजरही तशीच. आल्यापासून कोटाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त. भिंतीकडे, कात्रीकडे, माझ्या डब्याकडेसुद्धा!

तरी कोट घेतला. राहवलं नाही. कोट हातात आला की मला माणूस दिसतो. उजव्या खिशाचं तोंड सैल झालंय, म्हणजे हात खिशात घालून उभा राहणारा. कोपरं झिजलेली, म्हणजे टेबलावर वाकून काम करणारा. डावा खांदा चांगला बोटभर खाली. लहानपणी मोडला असेल आणि नीट बसला नसेल. पण अस्तर स्वच्छ, बटणं सगळी जागेवर. सांभाळून वापरणारा माणूस.

बाईला म्हटलं, "पॅड भरून खांदा लपवायचा असेल तर समोर जा. मी कोट माणसाला बेततो, माणूस कोटाला नाही. हाच खांदा ठेवून असा बसवून देतो की कुणाचं लक्ष जाणार नाही." तिने कोटाच्या त्या खांद्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "बरं. तसंच करा."

हेर असेल तर हे ऐकून फारच खूश झाली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाई पुन्हा हजर! कच्चा टाका बघायला म्हणे. स्टूल ओढून बसलीच. घरी कोण कोण असतं? म्हटलं, आम्ही दोघं आणि मुलगी. मुलगी लग्नाची आहे का? तुम्हाला काय करायचंय, असं ओठांवर आलं होतं. पण मी खडूने रेघा मारत होतो, आणि हात चालायला लागले की माझं तोंड आपोआप चालतं.

म्हटलं, लग्नाची आहे, पण एका परक्याने तिचं डोकं फिरवलंय. त्या लोकांना ना नात्यांची चाड, ना बोलण्याचं वळण. जेवतानासुद्धा मुकाट! आणि त्याची आई कसली असेल देव जाणे, मुलाला असा मोकाट सोडणारी. एकदा समोर आली तर चार शब्द सुनावीन म्हणतो.

बाई म्हणाली, "सुनावले की."

मला वाटलं, माझी बाजू घेतेय. बरं वाटलं!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ही सहज विचारते, "तो राखाडी कोट झाला का?"

मी हिला कोटाबद्दल अवाक्षर बोललेलो नाही. राखाडी तर नाहीच नाही. विचारलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणे, "तुम्हीच बोललात झोपेत." झोपेत मी घोरतो, रंग सांगत नाही.

आता कळलं. समोरच्या टेलरची बायको आणि ही एकाच दुकानात भाजी घेतात. म्हणजे माझ्याच घरातून... छे, पण हिचा यात काय फायदा? दिवसभर डोकं खाजवलं. एक बाही उलटी लावली, उसवावी लागली.

१५ फेब्रुवारी, रविवार

ही म्हणाली होती, "नाही म्हणायचंच आहे ना, मग एकदा बघून म्हणा." म्हणून आज तो जगावेगळा घरी आला. मी मनाशी सगळी तयारी करून बसलो होतो. पगार विचारायचा, आजार विचारायचे, भाषा येत नाही म्हणून जरा हसायचं.

दार लेकीने उघडलं. तो आत आला, उजवा हात खिशात घालून उभा राहिला. डावा खांदा बोटभर खाली.

तोच खांदा! टाचण्या लावल्यात मी त्याला आठवडाभर. कपडे कुठलेही असोत, खांदा मी चुकत नाही. मग ती बाई कोण हे सांगायला कुणी कशाला हवं?

तो मोडकंतोडकं आमच्या भाषेत बोलत होता. बहुधा मला नमस्कार केला, बहुधा मीही केला. मला फक्त माझेच शब्द ऐकू येत होते. आई कसली असेल देव जाणे. मोकाट सोडणारी. आणि ती ताठ बसून ऐकत होती, स्टुलावर, माझ्यासमोर! सगळं ऐकून घेतलं तिने आणि जाताना "येते" म्हणून गेली.

जेवताना मुलगा मुकाट जेवला. मीही. लेक माझ्याकडे घाबरून बघत होती. तिला वाटलं असणार, मी रागावलोय. मुलाने खाली मान घालून तिच्या ताटाजवळ पाण्याचा पेला सरकवला, ती काही मागायच्या आधी. वाईट नाही पोरगा. अस्तरावरूनच कळलं होतं.

हिच्या चेहऱ्यावर मात्र आश्चर्याचा लवलेश नव्हता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

चहा घेताना हिला सरळ विचारलं. लाजली नाही की चाचरली नाही.

"मीच पाठवलं त्यांना दुकानात. घरी बोलावलं असतं तर तुम्ही गोडगोड बोलला असता. तिथं तुम्ही खरे दिसता. तुमच्याशी बोलता यावं म्हणून गेल्या हिवाळ्यापासून आपली भाषा शिकतायत त्या. आपण एकटेच मुलगा बघणार होतो का? त्यांनाही बघायचंच होतं की."

म्हणजे हो-नाही करायची किल्ली माझ्या एकट्याच्या हातात कधीच नव्हती. मी म्हटलं, मग? काय म्हणाल्या?

"मुलगी पसंत आहे. खांद्याबद्दल बोललात तेही पसंत आहे."

आणि?

ही कप विसळत राहिली. "बाप नापसंत."

बुधवारी कोट न्यायला येणार आहेत त्या. माझा ठेवणीतला निळा शर्ट मी आत्ताच इस्त्री करून खुंटीला लावलाय.