हाड मऊ होईपर्यंत

९ मार्च, दुपारचे सव्वादोन. धाकटा झोपला आहे. इस्पितळात त्याच्या खाटेशेजारी बसून, एक्स-रेचे पाकीट मांडीवर घेऊन लिहितो आहे.

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

धाकटा दोन्ही वेळा जेवतो, काळजी नसावी. त्याच्या गुडघ्यातून काढलेला हाडाचा तुकडा अजून औषधात भिजतो आहे. तो मऊ झाल्यावरच पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो. हाडाच्या कॅन्सरचा संशय आहे; असला कॅन्सर क्वचित कोणाला होतो, म्हणून काप तपासणारे आणि एक्स-रे वाचणारे डॉक्टर एकत्र बसून निदान करतील. पाय राहील की काढावा लागेल, ते त्यानंतरच कळेल.

तू रोज तेल लावून गुडघा चोळायचीस, त्यामुळे हे झाले का, असे मी डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारले. त्या म्हणाल्या, "आईंना सांगा, हा आजार त्यांच्या हातांनी आणलेला नाही." तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. आता मात्र चोळायचे नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? तुम्ही दोघे जेवता ना?

येताना धाकट्याच्या चपला आण. तो म्हणतो, "दादा, एकच आणायला सांग, आईचं ओझं कमी होईल."

तू दोन्ही आण.

तुझा,
थोरला