साकवावरची तू

प्रिय सुनंदाताई,

आपली भेट कधी झाली नाही. तरी तुला ‘तू’ म्हणते. एकाच माणसाच्या संसारात आपण दोघी, परकेपणा किती ठेवायचा? काल तिसऱ्या पाळीवरून येताना हे पोलादपूरच्या अलीकडे मोटारसायकलवरच पेंगले. कोपर खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. म्हणून आज लिहायला बसले.

लग्नात सासूबाईंनी तुझ्या नावाचा चांदीचा टाक, गेलेल्या सवतीचा घालतात तसा, माझ्या गळ्यात घातला. "अगो, नवं लुगडं आधी तिला दाखव, मग नेस. सवत रुसली तर घराला बरं नाय." मी केमिस्ट्रीची पदवीधर, कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला. तरी तीन वर्षं दाखवते आहे. एक तरी साडी नापसंत करायचीस!

टाक सोसला, पण ह्यांचं स्वप्न? दुपारी डोळा लागला की तेच. ओढ्याला पूर, लाकडी साकवावर तू, आणि अलीकडच्या काठावरून हे ओरडतात, "ये गो, काय नाय होत!" तू गेलीस त्या दिवशी हे खरंच तसं म्हणाले होते. मग साकव तुझ्यासकट वाहून जातो. हे घामाघूम उठतात आणि माझं मनगट घट्ट धरतात.

खरं सांगू? ते धरणं मला आवडायचं.

महाडच्या सायबर कॅफेत मी वाचलं, की स्वप्नात असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं ओळखता येतं. दिवसा अधूनमधून घड्याळ बघायचं, नजर काढून पुन्हा बघायचं. स्वप्नात आकडे बहुधा बदलतात. ओळखलं, की पुढचं कधीकधी आपल्या हातात येतं. आधी स्वतःवर करून पाहिलं. माझ्या स्वप्नात परीक्षेच्या हॉलचं दार कायम बंद असायचं. सोळाव्या दिवशी मी ते उघडलं.

ह्यांना सांगायला घेतलं, तर पहिला प्रश्न काय? "म्हंजे तिला हात देता येल? अलीकडं आणता येल?"

"छे, तसं काही होत नाही," मी म्हणाले. खोटं बोलले.

बुडणारी तू मला चालत होतीस, ताई! काठावर येऊन पदर पिळत हसणारी तू नको होतीस. हे रोज हौसेनं झोपायला लागले तर? मग उठल्यावर माझं मनगट कशाला धरतील?

पण तूही तशीच का येतेस गं? कधीतरी साधी, भाजी निवडताना दिसली असतीस!

आता हे झोपच टाळतात, आणि त्यातून कालचं घडलं. माझ्या जळण्यापायी ह्यांचा जीव जायला नको.

आज हे उठले की सगळं शिकवीन, काही न वगळता. ह्यांनी हात दिला की धर. अलीकडे ये. बसा दोघं, बोला. फक्त नंतर ह्यांना जागं होऊ दे. मी चहा टाकून वाट बघत असेन.

तुझी सवत,
माधवी